नमुन्याची तलवार

१

तलवारीला मी दोनच प्रश्न विचारते. हॉलच्या शेवटच्या रांगेतनं चमकते का, आणि सातवीतल्या लेकराच्या हातात पाच मिनिटं टिकते का. बाकी ती कुठल्या काळातली, कुठल्या घराण्यातली, ही चौकशी मिशा पिळणाऱ्यांनी करावी. मला ती भाड्यानं द्यायची असते.

मी अनिता. बारामतीत भिगवण चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं ड्रेपरीचं दुकान आहे. शाळेचं गॅदरिंग, नाटक, मिरवणूक, लग्न, ज्याला जे लागेल ते कपडे आणि सामान आमच्याकडं भाड्यानं मिळतं. पुढं दुकान, मागं घर. दुकानात पस्तीस मावळे, अकरा जिजाऊ, चार वाघ आणि एक अस्वल आहे. अस्वलाचा एक कान उंदरानं खाल्लाय, पण पाठमोरं नाचवलं की कुणाला कळत नाही. सकाळी शटर उघडायचं, उदबत्ती लावायची, परत आलेले कपडे उन्हात टाकायचे, तुटलेल्या पऱ्यांच्या पंखांना टाके घालायचे. मला हे काम मनापासून आवडतं, त्यात लाजायचं काय?

दिवाळी झाल्या झाल्या रोहिणी मॅडम आल्या. इंग्लिश मीडियमच्या एका शाळेत त्या नाच बसवतात.

"अनिताताई, यंदा चाच्यांचा डान्स आहे. समुद्री चाचे. बारा तलवारी लागतील."

"मॅडम, बारामतीत समुद्र कुठनं आणला?"

"थीम आहे हो."

आता थीम म्हणल्यावर काय बोलणार! मावळ्यांच्या तलवारी चालतील का विचारलं, तर नाही म्हणल्या. चाच्याची तलवार आखूड असते, रुंद असते, वाकडी असते, मुठीवर हात झाकणारी मोठी वाटी असते. पालकांना फरक लगेच कळतो म्हणे. पालक फार शिकलेत आजकाल. मग मोबाइलवर शोधून त्यातल्या त्यात स्वस्तातली एक नमुन्याला मागवली. नमुना हाताला पसंत पडल्याशिवाय डझनाची ऑर्डर द्यायची नाही, हा माझा नियम आहे.

२

तुळशीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पार्सल आलं. खोक्यावर छापलं होतं की ही नकली आहे, फक्त शोभेसाठी आहे आणि वजन नऊशे पन्नास ग्रॅम आहे.

दिसायला झकास. पातं दोन फुटांहून थोडं जास्त, टोकाकडं रुंद होत गेलेलं. धार नाही, टोक बोथट, म्हणजे डोळाबिळा फुटायची भीती नाही. मुठीवर शिंपल्यासारखी पितळी वाटी. पितळ कसलं, रंगच तो! म्हणून अर्धं लिंबू मीठ लावून चांगलं घासलं. रंग हलला नाही. मूठ काळ्या रेक्झिननं गुंडाळलेली होती, आवळली की नव्या चपलेसारखी करकर वाजायची. वाघांच्या रॅकशेजारी खिळ्याला टांगली आणि गल्लीच्या टोकाला जाऊन बघितलं. तिथनंही चमकत होती. पहिल्या प्रश्नात पास.

मग हातात घेतली आणि मी एकटीच हसायला लागले. अगं बाई, काय हलकी! फिरवली, उलटी केली, दोन वार हवेत मारले. मनगट वळवावं तोवर ती वळलेलीच. हात पुढं करायच्या आत ती पुढं. वीस वर्षांत कितीतरी तलवारी हाताखालनं गेल्या, चांगल्या कोल्हापूरच्यासुद्धा, पण इतकी शहाणी एकही नव्हती.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. चारशे पंच्याहत्तर. काटा बिघडला असेल म्हणून साखरेचा एक किलोचा पुडा ठेवला, तर बरोबर हजार. परत तलवार, परत चारशे पंच्याहत्तर. म्हणजे छापलेल्याच्या बरोबर अर्धं. आतनं पोकळ असणार, दुसरं काय. आजवर लोकांनी मला फसवून माझं नुकसान केलं, फायदा होईल असं हे पहिल्यांदाच कुणी फसवत होतं. मी खूश.

फक्त मूठ गरम होती. डिलिव्हरीवाल्याच्या गाडीच्या डिकीत तापली असेल म्हणलं. संध्याकाळी दिवा लावताना परत हात लावून बघितलं. कार्तिकातली थंडी, फरशी पायाला झोंबत होती, आणि मूठ तशीच गरम होती. रेक्झिन ऊब धरतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि कुकर लावायला गेले.

३

आमच्या ह्यांचा उजवा खांदा चार वर्षांपासनं जाम आहे. ह्यांचं नाव संभाजी. वीस वर्षं ट्रक चालवला, आता दुकानात मला हात लावतात. हात लावतात म्हणजे स्टुलावर बसून गिऱ्हाइकाशी गप्पा मारतात. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. शर्ट घालतानासुद्धा मी बाही धरते.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी तलवार बघितली आणि म्हणाले, "आण की, जरा बघतो."

"तुम्ही नका. खांदा भरंल."

ऐकतील तर ना! खिळ्यावरनं काढली, दुकानाच्या मधोमध उभे राहिले आणि सरळ डोक्यावर नेली. पार वर. पंख्याच्या पात्याला टोक लागलं. मी ओरडले, आणि ह्यांनी दुसऱ्यांदा नेली. तिसऱ्यांदा गोल फिरवली.

"अनिता! अगं, दुखत न्हाय!"

"खरं सांगताय?"

"तुझ्या गळ्याची आण. कुणीतरी कोपराला धरून वर नेल्यागत जातोय हात."

ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही भरून आलं. चार वर्षं डॉक्टर, मालिश, गरम पाण्याची पिशवी, काय काय झालं, आणि ही स्वस्तातली बोथट तलवार हातात धरून माझा नवरा पोरासारखा नाचत होता. तलवार खाली ठेवल्यावर हात पुन्हा होता तिथंच आला, हे खरं. पण त्या दिवसापासनं सकाळचा चहा झाला की दहा मिनिटं ह्यांची तलवारबाजी ठरलेली. व्यायामानं नस मोकळी होते, असं ह्यांचं म्हणणं, आणि मलाही ते पटलं.

४

एका दुपारी हे मोरगावला सामान पोचवायला गेले होते आणि मी मागं भाकरी थापत होते. दुकानातनं आवाज आला. करकर. रेक्झिनची मूठ कुणीतरी आवळत होतं.

"आले हो, थांबा," म्हणत पिठाच्या हातानं पुढं गेले. कुणी नव्हतं. शटर अर्धं खाली, वाघ आपल्या जागी, पऱ्यांचे पंख एकदम गप्प. तलवार खिळ्याला. मागं येऊन परातीत हात घातला, तर परत करकर. मधे थोडं थांबून परत. पकड बदलावी तसं.

नवं रेक्झिन आहे, पत्रा तापला की ताणतं, असं म्हणलं. पत्रा तापायला ऊन तरी पाहिजे ना, त्या दिवशी ढग होते. हे मला तेव्हाही कळत होतं.

पण खरं सांगू? मी घाबरले नाही. उलट बरं वाटलं. हे ट्रकवर असताना ह्याच घरात मी एकटी असायचे, पोरगी लहान, ती झोपली की घरात चिटपाखरू नाही. आठ-आठ दिवस. जेवायला बसले की टीव्ही मोठ्यानं लावायचे, बातम्या असोत नाहीतर शेतीचा कार्यक्रम, माणसाचा आवाज पाहिजे म्हणून. ड्रेपरी काढली ती त्यापायीच, लोकांनी दारात यावं म्हणून. एकटेपणा काय असतो ते मला विचारा. त्यामुळं दुपारी पुढच्या खोलीतनं करकर ऐकू आली की मला सोबत वाटायला लागली. भाकरी भाजता भाजता मी दोन शब्द बोलायलाही लागले. "आज तीळ लावलेत बरं का," असलं काहीतरी. लोकांना सांगितलं असतं तर मला येड्यात काढलं असतं.

५

आमच्या राजनंदिनीचं लग्न ठरलं होतं मार्गशीर्षात. नवरा मुलगा इंदापूरचा, सौरभ. साखर कारखान्यात केमिस्ट. घरी डाळिंबाची बाग, माणसं साधी, मुलगा सालस. एकच गोष्ट मला टोचत होती. गळीत हंगाम सुरू झाला की हा माणूस पाच महिने कारखान्याचा. आज दिवसपाळी, उद्या रात्रपाळी, मधेच मिल बंद पडली की जेवणावरनं उठून जायचं. बरं, घर मळ्यात. शेजार म्हणून हाक मारावी तर अर्धा किलोमीटर डाळिंबं.

मी नंदिनीला सांगितलं, "बघ बाई, मी वीस वर्षं काढलीत. तू काढशील का?"

"आई, तू फार विचार करतेस. मोबाइल आहे, टीव्ही आहे."

"मलाही टीव्ही होता."

ती हसली. तिनं बोलता बोलता खिळ्यावरची तलवार काढली होती आणि हळूच इकडं तिकडं फिरवत होती. नंदिनीला असल्या गोष्टीची आवड कधीच नव्हती. "छान आहे गं ही," ती म्हणाली. "धरली की कुणीतरी हात धरल्यासारखं वाटतं."

मी तिच्या हातातनं काढून घेतली आणि परत टांगली. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. पोरीचा हात गरम झाला होता, एवढंच आठवतंय.

आमच्याकडं हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार नाहीतर तलवार देतात, टोकाला लिंबू खोचतात, आणि अक्षता पडेपर्यंत ती त्यानं खाली ठेवायची नाही. सौरभच्या घरची कट्यार सुप्याच्या भावकीकडं गेली होती ती आलीच नव्हती. मी विहिणीला ऐटीत म्हणलं, "ते माझ्याकडं लागलं. दुकान कशाला आहे?" एक चांगली चांदीच्या मुठीची कट्यार जावयासाठी बाजूला काढून ठेवली. आणि आमच्या ह्यांनी लग्नाच्या आदल्या दिवशी ती कोऱ्हाळ्याच्या कुणा पाहुण्याला देऊन टाकली! लग्नसराईत दुकानात तलवार म्हणून एक उरली नव्हती. उरली होती ती नमुन्याची.

"हीच नेऊ की," हे म्हणाले. "हिच्याइतकी हाताला चांगली दुसरी कुठली हाय?"

मी कपाळावर हात मारला. नवरदेव आणि चाच्याची तलवार! पण मुंडावळ्या आणि फुलांत कुणाला काय दिसतंय, असं म्हणून पिशवीत टाकली. टोक बोथट, लिंबू जाईना, तर लिंबाला आधी सुरीनं चीर दिली.

६

कार्यालय इंदापूरला, दोन्हीकडची हळद तिथंच, सकाळी. हळदीची वेळ नऊची. साडेआठला कळलं की नवरदेव जागेवर नाही. पहाटे कारखान्यात मिल थांबली आणि सौरभ लग्नाच्या दिवशी कारखान्यावर गेला. फोनवर म्हणाला, अकरापर्यंत येतो. मी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी नजर चुकवली. वीस वर्षांत ह्यांनीही मला असेच फोन केले होते.

सौरभची आजी, प्रयागबाई, पंच्याऐंशीच्या पुढच्या, खुर्चीतनं काठी आपटून म्हणाल्या, "येळ टळता कामा न्हाय. नवरदेव न्हाय तर त्याचा खांडा हाय ना? म्होरल्या काळात नवरं लढाईवर असायचं, तवा पोरी काय बिनहळदीच्या ऱ्हायच्या? ठिवा खांडा पाटावर."

बायकांना गंमत वाटली. पाट मांडला, चार कोपऱ्यांना तांबे ठेवून भोवती सूत गुंडाळलं, सुतवली केली. तलवार पाटावर ठेवली, मुठीला मुंडावळ्या बांधल्या. पाच सवाष्णींनी गाणी म्हणत पात्यापासनं मुठीपर्यंत हळद माखली. त्यातली एक म्हणाली, "अगं बया, तापलीय की ही!" बाकीच्या खदाखदा हसल्या. "नवरदेव हाय तो, तापायचाच!"

मीही हसले. मग ओवाळायला म्हणून पुढं वाकले आणि मुठीकडं बघितलं.

सगळ्या मुठीला हळद दाट लागली होती. फक्त चार ठिकाणी नव्हती. चार पट्टे, एकाखाली एक, काळं रेक्झिन स्वच्छ. आणि वरच्या बाजूला एक जाड आडवा. मुठीला कुणी हात घालून धरलेली असताना हळद माखली, तर जेवढं बोटांखाली झाकेल तेवढंच कोरडं राहील, तसं.

माखताना कुणी धरली असेल, मी मनात म्हणलं. पण मी सुरुवातीपासनं तिथंच उभी होते. तलवार पाटावर पडून होती. कुणी धरली नव्हती.

बायका वाटीत हळद निपटून घेत होत्या. नवरदेवाच्या अंगाची उष्टी हळद नवरीला जाते. मी तोंड उघडलं. पण सांगणार काय? मुठीवर चार पट्टे कोरडे आहेत, म्हणून लग्न थांबवा? दोनशे माणसं जेवायला यायची होती. वाटी माझ्या समोरनं नंदिनीच्या खोलीत गेली, वाजत-गाजत, आणि मी हात बांधून बघत राहिले.

७

सौरभ साडेअकराला आला. बिचारा पळतच आला, अंगाला मळीचा वास, डोळे लाल. अंघोळ, फेटा, कपाळाला बोटभर हळद, की झाला तयार. तलवार हातात दिली तर म्हणाला, "आई, किती हलकी आहे हो. हातात आहे असं वाटतच नाही."

बारा पस्तीसचा मुहूर्त. अंतरपाट धरला, मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या. अंतरपाट बाजूला झाला आणि नंदिनीनं मान वर केली. माझ्या पोरीला इतकी आनंदी मी कधी बघितली नव्हती. फक्त तिनं सौरभकडं बघितलं नव्हतं. सौरभच्या उजव्या खांद्याच्या बाजूला, वीतभर पलीकडं, तिथं बघून ती हसली. मग नजर सरकवून सौरभकडं बघितलं आणि हार घातला.

फोटोवाला दोनदा ओरडला, "वहिनी, नवरदेवाकडं बघा! नवरदेवाकडं!"

सगळे हसले. लाजली म्हणाले.

८

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी हे इंदापूरला जाऊन तलवार परत घेऊन आले. नवरदेवाचं काम झालं की सामान दुकानात, ही आमची पद्धत. घरी आल्या आल्या ह्यांनी ती टेबलावर आदळली.

"खांदा गेला माझा! निस्ता उचलून आणली तर जीव गेला."

मी हातात घेतली. पुढं झुकत होती. दोन वार मारले तर मनगट भरून आलं. फिरवावी तर उशिरा फिरायची, थांबवावी तर थांबायची नाही. मूठ थंडगार. त्याच दुपारी रोहिणी मॅडम नमुना बघायला आल्या. त्यांनी एकदा फिरवली आणि तोंड वाकडं केलं.

"ताई, तुम्ही फोनवर तर म्हणालात, पिसासारखी आहे. ही लेकरांच्या पायावर पडेल."

त्यांना काय सांगणार! लाकडी कापून घेऊ, वर चांदीचा कागद लावू, असं ठरवून त्यांना पाठवलं. मग तलवार काट्यावर ठेवली. नऊशे पन्नास. खोक्यावर छापलं होतं तेवढं, ग्रॅमभर इकडं तिकडं नाही.

मी स्टुलावर बसून राहिले. म्हणजे तलवार कधीच हलकी नव्हती. मग महिनाभर बाकीचं अर्धं वजन कोण तोलत होतं? आणि ते आता कुठं होतं?

दुपारभर कान देऊन बसले. पुढच्या खोलीत एक आवाज नाही. त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी मी जेवताना टीव्ही लावला.

संध्याकाळी नंदिनीला फोन केला. "कशी आहेस गं?"

"मजेत!"

"सौरभ?"

"त्याची रात्रपाळी लागलीय. सासूबाई आणि आजी भावकीत गेल्यात."

"म्हणजे मळ्यात एकटीच?"

"नाही गं," ती म्हणाली आणि हसली. मागनं करकर आवाज आला. चपलेचा असेल. मी विचारलं नाही.

९

मांडवपरतणीला, लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणाला, नंदिनी येणार होती. हे आणायला जातो म्हणाले तर तिनं फोनवर सांगितलं, "कशाला? आम्ही येतो की एसटीनं."

आम्ही म्हणल्यावर मी खूश. जावयाला रजा मिळाली म्हणायची! पुरण शिजत घातलं. अकरा वाजता भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन दारात उभी राहिले. नवं जोडपं घरी आलं की त्यांच्यावरनं तुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं, वाटेत जे काही मागं लागलं असेल ते उंबऱ्याबाहेर राहतं. माझ्या आईनं माझ्यावरनं टाकला होता, मी नंदिनीवरनं टाकणार होते.

गल्लीच्या टोकाला ती दिसली. हिरव्या साडीत, हातभर चुडा. सौरभ नव्हता. हातात डाळिंबांची मोठी पिशवी होती, दोन बंदांची, दहा किलोच्या घरातली. आमची नंदिनी पाण्याची कळशी उचलायला कुरकुरणारी, आणि झपाझप चालत होती. पिशवीचा एक बंद तिच्या हातात होता. दुसरा बंद ताठ होता, वर ओढलेला, आणि पिशवी दोघांच्या मधे सरळ झुलत होती.

मी डोळे मिटून उघडले. ऊन होतं, लख्ख. समोरच्या इस्त्रीवाल्यानं मान वर करून तिला बघितलं, आणि परत इस्त्री करायला लागला.

ती पायरीपाशी आली.

"सौरभ कुठंय?" मी विचारलं.

"त्याची पाळी बदलली ना. संध्याकाळी परस्पर येईल."

"मग आम्ही येतो म्हणालीस?"

ती हसली. तिचा चेहरा भरला होता, डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. लग्न झाल्यावर आठ दिवसांत मी कशी दिसत होते, ते मला आठवतं. आईनं मला ओळखलं नव्हतं, इतकी वाळले होते.

"करमतं का गं तिथं?"

"आई, तू उगाच घाबरत होतीस," नंदिनी म्हणाली. "मला त्या घरात एक मिनिटसुद्धा एकटं वाटलं नाही."

पिशवी जड असेल म्हणून माझा हात आपोआप पुढं झाला, त्या दुसऱ्या बंदाकडं. अर्ध्यात थांबला. तिथनं ऊब येत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "धरलीय."

आतनं ह्यांनी हाक मारली, "आली का पोरगी? घे की आत!" मी तुकडा हातात घेऊन उभी. तुकडा एकट्या नंदिनीवरनं ओवाळला असता, तिच्या पायांवर पाणी घातलं असतं आणि तिला हाताला धरून आत ओढलं असतं, तर बाकीचं बाहेर राहिलं असतं. मला ते पक्कं ठाऊक होतं. आणि मग ती संध्याकाळी, उद्या, परवा, पाच महिने, दर वर्षी पाच महिने, त्या मळ्यात बातम्या मोठ्यानं लावून जेवायला बसली असती.

मी तुकडा तिच्या डोक्याशी नेला.

"आई," ती हळूच म्हणाली. "नीट ओवाळ ना. दोघांवरनं."

मी हात लांब केला, वीतभर पलीकडं नेला, आणि तीनदा फिरवला. तुकडा टाकला. तिच्या पायांवर पाणी घातलं, मग शेजारच्या फरशीवरही घातलं.

"या," मी म्हणलं, आणि दारातनं बाजूला झाले.